महाबळेश्वरची वाट आणि बाणकोटचे थडगे

कार्तिक सरला आणि हवेत गारवा येऊ लागला, म्हणजे रत्नागिरी, चिपळूण, खेड या बाजूंनी महाबळेश्वरास जाणाऱ्या मंडळींची वर्दळ सुरू होते. त्यांत नवपरिणीत जोडपी बरीच असतात. पोलादपुरास मुंबईची सडक सोडावयाची, आंबेनळीचा घाट चढावयाचा, वर दोन-तीन रात्री कुडकुडत काढावयाच्या आणि मधाची एखादी बाटली व मुरंब्याची बरणी घेऊन घरी परतावयाचे, असा हा साधारण क्रम असतो. या क्रमात आर्थर सीट नावाच्या कड्यावर जाणे चुकत नाही. तेथे वाटाड्या एक कथा सांगतो. आर्थर नावाच्या साहेबाची बायको आणि तान्हे मूल खालच्या सावित्री नदीत बुडाले. साहेब शोकाने वेडावला. रोज या कड्यावर येऊन बसे आणि ज्या नदीने आपला संसार नेला तिच्याकडे एकटक पाहत राही. म्हणून या जागेस आर्थरचे आसन म्हणतात. कथा ऐकून जोडपे क्षणभर गप्प होते, मग छायाचित्र काढते आणि पुढच्या कड्याकडे वळते.

कथा करुण आहे यात संशय नाही. परंतु तिचा अर्धा भाग डोंगरावर सांगितला जातो आणि उरलेला अर्धा रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, समुद्राच्या काठी पडून आहे. ज्या स्त्रीसाठी ही कथा सांगतात तिचे थडगे महाबळेश्वरी नाही. ते मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या किल्ल्याच्या परिसरात आहे. कड्यावर उभा राहणारा प्रवासी बाणकोटास जात नाही, आणि बाणकोटच्या माणसाला कड्यावरच्या वाटाड्याशी काही कर्तव्य नसते. त्यामुळे ही दोन टोके जोडण्याचे काम आजवर बहुधा दंतकथेनेच केले, आणि ते करताना तिने सनावळीची फारशी पर्वा केली नाही.

वास्तविक ही दोन टोके जोडणारी खरी वस्तू म्हणजे सावित्री नदी. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात ज्या नद्यांचे उगम मानतात त्यांपैकी कृष्णा, कोयना आणि वेण्णा या देशाकडे वळतात. सावित्री मात्र पश्चिमेकडे कड्यावरून कोकणात उतरते. पोलादपूर, महाड, दासगाव, आंबेत असे करीत सुमारे साठ मैलांचा प्रवास करून ती समुद्रास मिळते. मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वर व बागमांडला, दक्षिणेस वेसवी व बाणकोट. देशावरच्या तिच्या बहिणींना समुद्र गाठावयास सारा दख्खन ओलांडावा लागतो. हिचे काम चार दिवसांच्या पायी वाटेएवढे. म्हणूनच पूर्वी कोकणातून वर जाणाऱ्याला आणि वरून घरी परतणाऱ्याला ही नदी एखाद्या सडकेसारखी उपयोगी पडे.

ही वाट इंग्रजांनी शोधली असा समज करून घेण्याचे कारण नाही. यात्रेकरू कोकणातून पार घाटाने क्षेत्री जातच होते. गुरू कन्या राशीस आला म्हणजे बारा वर्षांनी तेथे पर्वकाळ येतो आणि त्या वेळी भागीरथीचा प्रवाह वाहतो अशी श्रद्धा आहे. 1665 च्या जानेवारीत, सहा तारखेस, सूर्यग्रहणाच्या पर्वणीवर शिवाजी महाराजांनी मातुःश्री जिजाबाईंची व वृद्ध सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला महाबळेश्वरी केली. ऐन हिवाळ्यातील तो दिवस. त्या पठारावरील पहाटेची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना त्या समारंभाची कल्पना अधिक स्पष्ट करता येईल. डोंगर होता, देऊळ होते, थंडीही होती. नव्हती ती एवढीच कल्पना, की केवळ थंडीसाठी म्हणून तेथे जावे.

ती कल्पना साहेबांची. 1824 साली साताऱ्याच्या बाजूने लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी दाट रानातून वाट काढीत पठाराच्या टोकापर्यंत गेला आणि तेथील हवेचे वर्णन त्याने प्रसिद्ध केले. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांच्या सल्ल्याने छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी वर जाणारी सडक करविली. 1828 च्या नोव्हेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम येथे आले. आजारी सैनिकांनी हवा बदलावी अशी जागा त्यांना हवी होती, ती सापडली. पुढील वर्षी, 1829 च्या मे महिन्यात, वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात महाराजांकडून ही भूमी कंपनी सरकारने घेतली आणि नव्या वसाहतीस माल्कम पेठ असे नाव पडले. थंड डोंगर देऊन टाकणाऱ्या प्रतापसिंहांच्या वाट्यास पुढे काय आले हे सर्वश्रुत आहे. 1839 साली त्यांस गादीवरून दूर करून काशीस धाडण्यात आले. तेथेच 1847 साली त्यांचे देहावसान झाले. सातारा त्यांना पुन्हा दिसला नाही. माल्कम पेठेची आजची वेण्णा तळ्याची शोभा त्यांचे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज यांनी 1842 साली करविली. घरी परतण्याचे भाग्य सर्वांस मिळते असे नाही, याचे पहिले उदाहरण या डोंगराच्या इतिहासात साहेबाचे नसून राजाचे आहे.

वसाहत झाल्यावर मुंबईच्या गोऱ्या कुटुंबांचा वर्षक्रम ठरून गेला. जूनच्या मध्यास पाऊस सुरू झाला की पठार ओस पडे. बंगल्यांना गवताच्या झडपांचे अंगरखे चढत. ऑक्टोबरात ढग निवळले की मंडळी परत येत आणि डिसेंबरापर्यंत राहत. दुसरा हंगाम मार्चपासून पावसापर्यंत. यांतील पहिल्या हंगामाची गोडी वेगळी होती. मुंबईत आश्विनाचा उकाडा आणि पावसानंतरचे ताप यांनी माणसे जेरीस येत. वर मात्र सकाळी धुके, दुपारी कोवळे ऊन, रात्री शेकोटी. वेण्णा तळ्याच्या काठी काही पहाटे गवतावरचे दंव गोठून पांढरे होते. विलायत सोडून पंधरा-वीस वर्षे झालेल्या माणसास तेवढ्या पांढऱ्या गवताचे केवढे अप्रूप वाटत असेल! बागांत बटाटे व विलायती भाज्या पिकू लागल्या होत्या. त्यांच्या लागवडीत 1834 पासून तेथे ठेवलेल्या चिनी कैद्यांचा हात मोठा होता. सारांश, घरापासून हजारो कोस दूर असलेल्या माणसांनी डोंगरावर आपल्या घराचा एक भास उभा केला होता, आणि हिवाळ्यात तो भास सर्वांत खरा वाटे.

पण त्या भासापर्यंत पोचणे सोपे नव्हते. मुंबईहून वर जाण्यास तीन वाटा होत्या. एक पनवेल, बोरघाट, पुणे व वाई अशी. बोरघाटाची गाडीवाट 1830 साली खुली झाली होती. ही वाट सुरक्षित, पण लांबची. दुसरी वाट म्हणजे मुंबई बंदरातून होडीने नागोठण्यास यावयाचे आणि तेथून पालखीने महाड, पोलादपूर व पारघाट. तिसरी वाट पूर्णपणे पाण्याची. मुंबईहून मचव्याने किनाऱ्याकिनाऱ्याने बाणकोटास यावयाचे, भरतीची वेळ साधून सावित्रीच्या खाडीत शिरावयाचे, दासगावापर्यंत किंवा पाणी असल्यास महाडापर्यंत जावयाचे आणि तेथून भोयांच्या खांद्यावर घाट चढावयाचा. परतताना हेच उलट.

या तिसऱ्या वाटेचे आकर्षण कोणासही समजण्याजोगे आहे. पालखी दिसावयास सुखाची. पण तिच्यात दिवसभर बसलेल्यास हाडे मोजता येतात. मचव्यात निजता येते. आजारी माणूस, बाळंतीण, तान्हे मूल यांना खाडीचे संथ पाणी, दोन्ही काठांची हिरवी टेकाडे आणि डोक्यावर शिडाची सावली यांहून चांगला प्रवास त्या काळी दुसरा नव्हता. शिवाय दासगावाजवळ सव येथे उन्हाळी आहेत. गरम पाण्याच्या त्या झऱ्यांवर प्रकृतीसाठी राहावयास मुंबईचे इंग्रज अठराव्या शतकापासूनच येत असत.

बाणकोट तर त्यांना फारच जुने. तुळाजी आंग्र्याविरुद्ध पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून मोहीम केली, तेव्हा 1755 साली हा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि 1756 च्या तहाने तो त्यांच्याकडे कायम झाला. हिंमतगड या त्याच्या नावाऐवजी त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव घातले. पुष्कळांस हे नाव राणीवरून पडले असे वाटते. पण राणीचा जन्मच मुळी 1819 चा. विजय या अर्थाचे ते नाव तिच्या साठाहून अधिक वर्षे आधीचे आहे. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणच्या जिल्ह्याचे ठाणे प्रथम बाणकोटासच होते. 1822 साली ते रत्नागिरीस हलले. म्हणजे रत्नागिरी शहरास जिल्ह्याचे मानाचे स्थान मिळण्यापूर्वी ते काही काळ या चिमुकल्या बंदराकडे होते, ही गोष्ट रत्नागिरीकरांनी विसरू नये.

आता ज्या कुटुंबाची ही हकीकत, त्याच्याकडे वळू. मॅलेट हे आडनाव मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास नवे नाही. पुणे दरबारी 1786 पासून 1797 पर्यंत कंपनीचा रेसिडेंट असलेला सर चार्ल्स मॅलेट, मराठी कागदांतील 'मालिट', तो याच घरचा. टिपूविरुद्धचा 1790 चा तह त्याने घडवून आणला, आणि त्या तहाच्या दरबाराचे प्रसिद्ध चित्र त्याचेच स्मारक आहे. त्याची रोजची गाठ पडे ती नाना फडणविसांशी. नानांचे मूळ गाव वेळास. ते बाणकोटच्या शेजारी, समुद्रकाठी. ज्या मुत्सद्द्याच्या मनाचा ठाव घेण्यात चार्ल्सची दहा वर्षे गेली, त्याच्या गावाजवळच आपल्या सुनेचे थडगे बांधले जाईल, हे त्याच्या स्वप्नीही आले नसेल. विलायतेस परतल्यावर 1799 साली चार्ल्सने चित्रकार जेम्स वेल्स याच्या मुलीशी विवाह केला. त्यांना आठ पुत्र झाले. त्यांपैकी आर्थरचा जन्म 1806 चा. ह्यू हा त्याच्यामागचा.

दोघेही बंधू मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले आणि दोघांचीही नावे डोंगरांशी जोडली गेली. ह्यू मॅलेट ठाण्याचा कलेक्टर असताना 1850 च्या मे महिन्यात चौकेजवळून माथेरानचा डोंगर चढला. पुढे तेथे वस्ती झाली तिचे श्रेय त्यालाच देतात. आर्थर मुंबई सरकारच्या सचिवालयात चढत गेला आणि अखेरीस गव्हर्नरच्या कौन्सिलात बसला. क्षेत्र महाबळेश्वराच्या पलीकडे, ज्यास मढीमहाल म्हणत त्या ओसाड कड्याजवळ, त्याने घर बांधले. इतर मंडळी माल्कम पेठेत, बाजाराच्या व गिरिजाघराच्या सावलीत बंगले घेत असताना याने चार कोस दूर, वाऱ्याच्या तोंडी, जेथून एकीकडे कृष्णेचे जोर खोरे आणि दुसरीकडे सावित्रीची खोल दरी दिसते अशी जागा निवडली. माणूस एकांतप्रिय असावा. 1885 च्या सातारा गॅझेटियरात आर्थर सीट या नावाची उपपत्ती दिली आहे ती इतकीच, की तेथे प्रथम घर बांधणारा आर्थर मॅलेट. शोकाचा, आसवांचा, एकटक पाहण्याचा तेथे उल्लेखही नाही. एडिंबरो शहराजवळ याच नावाची एक टेकडी आहे. मुंबईच्या साहेबवर्गात स्कॉटलंडचे लोक पुष्कळ. माल्कम स्वतः तिकडचे. मित्राचे नाव आर्थर आणि त्याचे घर कड्याच्या टोकाशी, हे पाहून कोणा स्कॉटास घरच्या टेकडीची आठवण होऊन थट्टेने हे नाव सुचले असेल, तर नवल नाही. तसे असल्यास ज्या नावाभोवती आज इतके अश्रू जमले आहेत ते मुळात एक हसण्यावारी नेलेले नाव ठरते.

दुःख मात्र खरे होते. आर्थरची पत्नी सोफिया आणि बत्तीस दिवसांची कन्या एलन या दोघी बाणकोटच्या मुखाशी मचवा उलटून बुडाल्या. ही घटना 1853 च्या डिसेंबरातील. त्यांच्याबरोबर मचव्यावरील तेरा माणसेही बुडाली.

या ठिकाणी सनाचा घोळ निस्तरला पाहिजे. कोकणातील पुष्कळ माहितीपत्रकांत आणि प्रवासवर्णनांत या अपघाताचे साल 1791 असे छापलेले आढळते. हे सर्वस्वी अशक्य आहे. 1791 साली आर्थरचा जन्म व्हावयास पंधरा वर्षे होती, त्याच्या आईबापांचे लग्न व्हावयास आठ वर्षे होती आणि माल्कम पेठ वसावयास सदतीस-अडतीस वर्षे होती. त्या साली पुण्यास जो मॅलेट होता तो बाप. बहुधा कोणी तरी मॅलेट हे नाव पाहून मुलाच्या शोकास बापाची सनावळ लावली आणि पुढच्यांनी ती उतरून घेतली. छापलेली चूक ही कोकणातील करवंदीसारखी असते. एकदा रुजली की तोडता तोडता हात ओरबाडतात.

दुसरा प्रश्न दिशेचा. बोटीने महाबळेश्वरास जाताना हा अपघात झाला असे सांगण्याचा प्रघात आहे. हंगामाचा हिशेब पाहिला तर उलट वाटते. डिसेंबर हा वरून उतरण्याचा महिना. ज्या बाईस नोव्हेंबरच्या आरंभी मूल झाले, ती महिन्याभराची ओली बाळंतीण आपले बिऱ्हाड उचलून, हंगाम संपत आलेला असताना, ऐन थंडीत डोंगर चढावयास निघेल हे संभवनीय दिसत नाही. वर थंड हवेत मूल व्हावे, बाळंतपण सुखरूप पार पडावे, सव्वा महिना होत आला की मुंबईच्या घरी परतावे, हाच बेत अधिक सहज. आपल्याकडील सवा महिन्याची मर्यादा साहेबांना ठाऊक नसली तरी शरीराचा न्याय सर्वत्र एकच. ती घरी चालली होती असेच मानणे युक्त आहे. निदान ऋतू तरी तशी साक्ष देतो.

आणि घरी चालली असेल, तर बाणकोटच्या मुखाशी काय झाले असावे हेही नदीच्या स्वभावावरून समजते. कोकणच्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. नदी वरून गाळ आणते, समुद्र तो आत ढकलतो, आणि दोघांच्या भांडणात मधोमध वाळूचा उंबरठा तयार होतो. बाणकोटचा उंबरठा खलाशांत पूर्वीपासून वाईट म्हणून ओळखला जाई. भरतीला त्यावर पुरेसे पाणी असते. ओहोटीला तो वर येतो आणि पाण्याची वाट अरुंद होते. आता खाडीतून खाली येणाऱ्या मचव्याची अडचण अशी, की त्याला ओहोटीबरोबरच निघावे लागते. भरतीच्या उलट वल्ही मारीत वीस-पंचवीस मैल कोण जाईल? म्हणजे जे पाणी त्यास फुकट वाहून आणते, तेच पाणी त्यास मुखाशी अशा वेळी पोचविते, की दांड्यावरचे पाणी उतरलेले असते आणि खाडीचा लोट जोराने बाहेर पडत असतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो. तोवर समुद्र काचेसारखा असतो. दुपार कलली की वायव्येचा वारा उठतो आणि लाटा मुखाकडे येऊ लागतात. बाहेर निघालेला लोट आणि आत येणारी लाट यांची दांड्यावर गाठ पडली म्हणजे लाटा उभ्या राहतात, मोडतात, आणि लहान मचवा आडवा सापडला तर तो सावरत नाही. जाणता तांडेल अशा वेळी आतच नांगर टाकतो आणि पुढल्या भरतीच्या माथ्यावर, मतलईच्या भरवशावर बाहेर पडतो. त्यासाठी एक रात्र किंवा काही तास थांबावे लागते, एवढेच.

त्या दिवशी तांडेलाने थांबावयाचे म्हटले होते की नाही, कोणी त्यास घाई केली की नाही, यावर आज तर्क लढविण्यात अर्थ नाही. पण एवढे खरे, की त्या काळी सरकारी वरिष्ठाचे कुटुंब मचव्यात असता 'आज जाऊ नये' असे म्हणणे खलाशास सोपे नव्हते. समुद्राची भीती आणि साहेबाची भीती यांत कोणती मोठी, याचा निवाडा कोकणच्या बंदरांवर पुष्कळदा समुद्राच्या विरुद्ध होत असे.

ती तेरा माणसे कोण? या किनाऱ्यावर मचवे हाकणारे खारवी, भंडारी, कोळी आणि दालदी. त्यांपैकी हे कोण होते, वेसवीचे होते की बाणकोटचे की मुंबईच्या माझगावचे, थडग्याच्या कथेत याचा मागमूस नाही. सोफियाचे नाव राहिले, बत्तीस दिवसांच्या मुलीचेही नाव राहिले, आणि ते राहिले हे योग्यच झाले. ज्यांनी त्या मुलीच्या जन्मापूर्वी कित्येक वर्षे तो दांडा ओलांडला होता, ते मात्र एका आकड्यात मावले. त्यांच्याही घरी त्या संध्याकाळी चुलीवर भाकरी पडली असेल, आणि त्यांच्या बायकांना तर बसून पाहावयास कडाही नव्हता. होती ती वाळूच, आणि तीवर दुसऱ्या दिवशी दुसरे मचवे लावावयाचे होते. कड्यावरच्या कथेत एका पुरुषाचा शोक इतका उंच झाला आहे, की त्याच्या पायथ्याशी असलेली तेरा घरे दिसतच नाहीत.

आर्थर मॅलेट पुढेही नोकरीत राहिला, कौन्सिलात बसला आणि 1860 च्या सुमारास निवृत्त होऊन मायदेशी गेला. 1888 साली तो वारला. तो कड्यावर बसून रडत असे की काय, हे गॅझेटियर सांगत नाही. सचिवालयाच्या कामातून त्यास रोज तेथे बसण्याइतकी फुरसत नव्हती, एवढे मात्र सांगता येते. मुंबईपासून महाबळेश्वर त्या काळी दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. तथापि ऑक्टोबरात तो आपल्या त्या घरी पुन्हा आला असेल आणि संध्याकाळी कड्याच्या टोकाशी उभा राहिला असेल, तर खालच्या दरीत चमकणाऱ्या पाण्याकडे पाहिल्यावाचून त्यास राहवले नसेल. दंतकथेत सत्याचा अंश असतो तो असा. ती घडलेले सांगत नाही; घडल्याखेरीज राहिले नसावे असे जे वाटते, ते सांगते.

तिसऱ्या वाटेचे दिवसही त्यानंतर फार राहिले नाहीत. ज्या 1853 साली हा मचवा बुडाला त्याच वर्षी 16 एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली होती. दहा वर्षांत लोहमार्गाने बोरघाट चढला आणि पुणे मुंबईच्या अंगणात आले. 1876 च्या सुमारास आंबेनळीचा, ज्यास फिट्झजेराल्ड घाट म्हणत, तो गाडीरस्ता झाला. महाडाहून वर चाके जाऊ लागली. आगबोटी बाणकोटास लागू लागल्या तेव्हा त्यांतून उतरणारी माणसे मुख्यतः आपलीच, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांतून शिमग्याला घरी येणारे चाकरमानी. साहेबांची कुटुंबे पुणे-वाईच्या वाटेने वर जाऊ लागली आणि सावित्रीच्या मुखाशी उभे असलेले थडगे हळूहळू रानात शिरले.

नदीचा स्वभाव मात्र बदलला नव्हता. 2016 च्या ऑगस्टच्या 2 तारखेस रात्री, मुसळधार पावसात, महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईकडे निघालेल्या एस. टी.च्या दोन गाड्या, एक जयगडहून आलेली आणि एक राजापूरहून, त्या काळोखात पाण्यात गेल्या. एक-दोन खाजगी गाड्याही गेल्या. कोणी सुटी संपवून परतत होते, कोणी कामावर रुजू व्हावयास निघाले होते. पुढील काही दिवस नदीच्या दोन्ही काठांनी शोध चालला आणि देह सापडले ते आंबेतजवळ, हरिहरेश्वराकडे, एक तर पार अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर. 1853 मध्ये ज्या पाण्याने मचवा मुखाशी आणला, तेच पाणी तीच वाट चालले होते. या वेळी मात्र गाडीच्या चालकाचे, वाहकाचे, प्रत्येक उतारूचे नाव वर्तमानपत्रांत आले, त्यांच्या गावांची नावे आली, घरच्यांची छायाचित्रे आली. पुढच्या वर्षी पावसाळ्यापूर्वी तेथे नवा पूल उभा राहिला.

हिवाळ्यात महाबळेश्वराहून उतरणारी रत्नागिरीची मंडळी आंबेनळीचा घाट संपवून पोलादपुरास येतात तेव्हा त्यांना सावित्री प्रथम भेटते, पण घराची ओढ लागलेली असल्याने तिकडे कोणाचे लक्ष नसते. ज्याला सवड असेल त्याने तेथून दक्षिणेस न वळता मंडणगडाच्या वाटेने बाणकोटास जावे. वेसवीहून बागमांडल्यास फेरीबोट जाते. तिच्या कठड्याशी उभे राहिले की एका बाजूस किल्ल्याचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूस मोकळा समुद्र दिसतो. ओहोटी असली तर मधोमध पाण्याचा रंग बदललेला एक पट्टाही दिसतो. तो दांडा. मासेमारीचे मचवे परतताना त्याच्या अलीकडे थोडे थबकतात, तांडेल पाण्याकडे पाहतो, आणि मग वळसा घालून आत येतात.